पान करपलं आणि माल वाटेतच पिकला : बुऱ्हाणपूरची बाग, इंदूरचं चेंबर

पार्श्वभूमी

इंदूरच्या चोइथराम मंडीत केळी बारा महिने येते. तिच्यातला मोठा हिस्सा इच्छापूर रस्त्याने बुऱ्हाणपूर जिल्ह्यातून चढतो. तापीकाठचा हा पट्टा नकाशावर मध्य प्रदेशात असला तरी केळीच्या व्यवहारात तो रावेर-जळगावचाच शेजार आहे. ग्रँड नैन जातीची टिश्यूकल्चर रोपं तीच, कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमाराची लागवड) आणि मृगबाग (पावसाच्या सुरुवातीची लागवड) यांचं गणित तेच, नवती (नवी लागवड), पिलबाग (खोडवा), वापसी (हलका, नाकारलेला माल) हे भावाचे शब्दही तेच.

या प्रकरणातले दोघेही मराठी. एक तापीकाठचे शेतकरी, त्यांना इथे नाना म्हणू. दुसरे इंदूरमध्ये तीन पिढ्या मुरलेल्या घरातले, केळी पिकवण्याचं चेंबर चालवणारे व्यापारी, ते काका. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी काकांच्या चेंबरला अधूनमधून सल्ला देतो, त्यामुळे दोघांचं बिनसल्यावर मध्ये बसायला मला बोलावणं आलं.

व्यवहार दलालाशिवायचा, सरळ. नानांनी फण्या धुऊन क्रेटमध्ये भरून पाठवायच्या. काकांनी त्यातला बराचसा माल चेंबरमध्ये पिकवून इंदूर, देवास, उज्जैनला द्यायचा आणि काही हिरवा माल तसाच पुढे ग्वाल्हेरकडे रवाना करायचा. हा शेवटचा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. हिरव्या मालाला आणखी काही दिवस हिरवंच राहता आलं पाहिजे, यावरच त्या सौद्याचा नफा उभा असतो.

नानांची बाग सहा एकर, कांदेबाग. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात पाच बाय पाच फुटांवर लागवड, ठिबक. निसवण, म्हणजे केळफूल बाहेर पडणं, जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पावसात. त्या वर्षी पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला. बागेचा वरचा भाग रस्त्यालगत, उताराचा. खालचा भाग नाल्याच्या बाजूला, जिथे पाणी साचतं आणि सकाळी उशिरापर्यंत पानं ओली राहतात.

अडचण कशी दिसली

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पहिली गाडी गेली ती वरच्या भागातली. कसलीही तक्रार आली नाही. दुसरी गाडी खालच्या भागातली. इंदूरला ताडपत्री काढली तेव्हाच पिकल्या केळीचा वास आला. हिरव्या क्रेटमध्ये मधूनच एखादं पिवळं केळं, कुठे अर्धी फणी पिवळी. वेगळं काढून उरलेला माल चेंबरमध्ये लावला. चार दिवसांनी दार उघडलं तर एका रांगेत केळी भडक पिवळी, तिच्यावर साखरेचे ठिपके सुरू झालेले, आणि लगतच्या क्रेटमध्ये माल अजून हिरवट. काही फण्या उचलताच केळी देठापासून सुटून हातात येत होती. किरकोळ विक्रेत्यांनी माल परत केला. ग्वाल्हेरला गेलेल्या हिरव्या मालाचे पैसे कापले गेले, कारण तो तिथे पोचला तेव्हा हिरवा राहिलेला नव्हता.

काकांनी फोनवर पहिलं वाक्य टाकलं ते असं : "नाना, तुम्ही माल फार पक्का कापलात." म्हणजे झाडावर गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवून.

नानांचं उत्तर मला त्या सगळ्या भांडणातलं सर्वांत कामाचं वाक्य वाटलं. "काका, माल तर बारीक होता. पक्का असता तर जाड नसता का?"

बारीक आहे, तरी पिकलं. दोघेही खरं बोलत होते, आणि प्रकरणाची गाठ तिथेच होती.

दोष कुणाचा : चेंबर, गाडी की बाग

चेंबर आधी तपासलं, कारण मंडीत संशय नेहमी तिथूनच सुरू होतो. कुणीतरी कार्बाइडचंही नाव काढलं. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे. इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे आणि काकांकडे तोच वापरतात. तापमान १६ ते १८ अंश, आर्द्रता नव्वदच्या वर, इथिलीन दिल्यावर दार उघडून साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढणं, हे सगळं नोंदवहीत नीट होतं. चेंबरचं कूलिंग बसलं असतं तर खूण वेगळी दिसली असती. केळीच्या गराचं तापमान पंचविशीच्या आसपास गेलं की गर मऊ पडतो आणि साल हिरवीच राहते. मंडीत त्याला माल उकडला म्हणतात. इथे साल रीतसर पिवळी झाली होती, फक्त सगळी एका वेळी झाली नव्हती. शिवाय त्याच दिवसांत, त्याच चेंबरमध्ये दुसऱ्या शेतकऱ्याचे क्रेट होते आणि ते एकसारखे पिकले. चेंबर सुटलं.

गाडीवर काकांचा रोख होता, कारण ती सिमरोलच्या घाटात काही तास अडकली होती. उन्हात उभ्या गाडीत माल तापतो आणि एक पिकलेलं केळं इथिलीन सोडून शेजारच्या हिरव्यांना जागं करतं, हे खरंच आहे. पण जागं करायला आधी एखादं पिकलेलं केळं गाडीत असावं लागतं. ते कुठून आलं? पहिली गाडीही त्याच घाटातून, तशाच उन्हात आली होती. उशिराने नुकसान वाढवलं असेल, सुरुवात त्याने केली नव्हती.

मग परत आलेल्या मालातली हिरवी केळी आडवी कापून पाहिली. बाहेरून कडा अजून टोकदार, म्हणजे केळं पूर्ण भरलेलं नाही. अशा केळ्याचा गर पांढरा असायला हवा. इथे तो मलईच्या रंगाकडे झुकलेला होता, काहींत किंचित गुलाबी झाक. बाहेरून अर्धवट भरलेलं आणि आतून वयात आलेलं. असं केळं पाहिल्यावर विचारायचा प्रश्न एकच असतो आणि तो मी नानांना विचारला : ज्या झाडांवरून हे घड कापले, त्यांच्यावर पानं किती होती?

नाना म्हणाले, "पानं मोजतो कोण? घड पाहतो आपण."

बागेत काय होतं

वरच्या भागात बहुतेक झाडांवर आठ-नऊ चांगली पानं होती. खालच्या भागात तीन-चार, आणि त्यांचीही टोकं राखाडी होऊन वाळलेली. बाकीची पानं खोडाला लोंबत होती किंवा तळाशी कुजत पडली होती.

नानांनी हे पोटॅशची कमतरता म्हणून धरलं होतं आणि ठिबकमधून पोटॅश वाढवलं होतं. गोंधळ होण्यासारखाच असतो, पण फरक जवळून दिसतो. पोटॅश कमी पडलं की जुनं पान टोकाकडून आणि कडेने पिवळं-केशरी होत वाळतं. इथे शिरांना समांतर बारीक पिवळसर रेघा होत्या, पुढे त्यांचे तपकिरी लांबट ठिपके झालेले, मध्ये राखाडी, भोवती गडद कड आणि तिच्या बाहेर पिवळं वलय. ठिपके एकमेकांत मिसळून पानाचे पट्टेच्या पट्टे जळाल्यासारखे. हा सिगाटोका करपा. फिजीतल्या सिगाटोका खोऱ्यावरून नाव पडलेला बुरशीचा रोग. दोन वर्षं सगळ्यांच्या तोंडी असलेला हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग, याचा इथे काही संबंध नव्हता, हे सांगावं लागलं कारण शेजारी तेच सांगून गेले होते.

करपा केळ्याला लागत नाही. बुरशी पानावरच राहते, फळावर डाग नाही, खाणाऱ्याला अपाय नाही. म्हणूनच तो फळाच्या हिशेबात धरला जात नाही. घड हिरवागार, स्वच्छ दिसतो आणि शेतकरी, कापणारी टोळी, गाडीवाला, चेंबरवाला असे चार हात तो बिनबोभाट पुढे सरकवतात.

फळात काय घडतं ते असं. केळीचं झाड निसवलं की नवीन पान येणं बंद होतं. निसवणीच्या दिवशी झाडावर जेवढी पानं आहेत तेवढंच भांडवल. पुढचे तीन-साडेतीन महिने त्यातूनच घड भरायचा. करप्याने त्यातली निम्मी खाल्ली की घडाला मिळणारी साखर तुटते, केळी जाड होत नाहीत, वजन बसत नाही. पण फळाचं वय जाडीसाठी थांबत नाही. ते दिवसांनी आणि उन्हाने वाढत राहतं. निरोगी झाडावर जाडी आणि वय जोडीने चालतात, म्हणून जाडी पाहून कापणं इतकी वर्षं चालून गेलं. करपलेल्या झाडावर ही जोडी फुटते. शेतकरी जाडीची वाट पाहत थांबतो, जाडी येत नाही, आणि तोवर फळ आतून पिकण्याच्या उंबरठ्यावर पोचतं. कापणीनंतर हिरवं राहण्याचे जे दिवस त्याला मिळायचे ते झाडावरच खर्च झालेले असतात.

एवढ्यावरही भागत नाही. बाहेरच्या देशांतल्या निर्यातीच्या बागांमधला अनुभव असा की दोन घडांचं वय सारखं धरलं, तरी जबर करपा असलेल्या झाडाचा माल लवकर पिकतो. म्हणजे वेळेवर कापल्याने नुकसान कमी होतं, संपत नाही.

मिसळ माल का निघाला तेही यातच आहे. खालच्या भागात प्रत्येक झाडाची पानं वेगवेगळी : एकावर तीन, शेजारच्यावर सहा. टोळीने सगळे घड एका डोळ्याने, जाडी पाहून कापले आणि एकाच गाडीत भरले. क्रेटमध्ये शेजारी ठेवलेल्या दोन फण्या दिसायला जुळ्या, आतून दहा-बारा दिवसांनी लहानमोठ्या.

मागचे तीन निर्णय

नानांशी बोलत मागे गेलो तेव्हा तीन वळणं सापडली.

पहिलं जूनमधलं. पावसाआधी खालची रोगट पानं काढायचं काम मजूर मिळेनात म्हणून राहिलं. जुन्या पानांवरच्या ठिपक्यांतून उडालेले बीजाणू वरच्या कोवळ्या, नुकत्या उलगडणाऱ्या पानावर रुजतात. ठिपका मात्र कित्येक आठवड्यांनी दिसतो, तोवर ते पान खाली सरकलेलं असतं. सप्टेंबरात डोळ्यांना दिसलेला करपा जुलैत लागलेला होता. बहुतेकांची फवारणी इथेच चुकते, कारण ती डाग पाहून सुरू होते.

दुसरं फवारणीचं. नानांनी प्रोपिकोनाझोल हे बुरशीनाशक दोनदा फवारलं, दोन्ही वेळा निसवणीनंतर, पाठीवरच्या पंपाने. आंतरप्रवाही बुरशीनाशक रेघ उमटण्याच्या टप्प्यावर काम करतं; मेलेल्या पानाला ते जिवंत करत नाही. वरची पानं पंपाच्या टप्प्यात नव्हतीच. मिनरल ऑइल मिसळलं नव्हतं, त्यामुळे केळीच्या मेणचट पानावर औषध टिकलं नाही. आणि एकच औषध पुन्हा पुन्हा मारल्याने बुरशी त्याला सरावते, म्हणून मध्ये मॅन्कोझेबसारखं वेगळ्या पद्धतीचं स्पर्शजन्य औषध घ्यायला हवं होतं.

तिसरं वळण मला सर्वांत बोचलं, कारण ते मेहनतीने केलेलं नुकसान होतं. सप्टेंबरच्या शेवटी नानांच्या मुलाने मजूर लावून खालचा भाग 'साफ' केला. ज्या पानावर डाग दिसला ते पान देठापासून उडवलं. ज्या पानाचा पाव भाग जळाला होता त्याचा हिरवा पाऊण भागही गेला. नवीन पान येण्याची शक्यता नसलेल्या झाडावरून हिरवं पान काढणं म्हणजे करप्याचं काम आपल्या विळ्याने पुरं करणं. जळालेलं टोक किंवा पट्टा तेवढा कापून बाकीचं पान ठेवायचं असतं. अर्ध्याहून जास्त गेलं असेल तरच पूर्ण पान काढायचं. त्यातून कापलेली पानं बागेतच पडू दिली. तिथूनही बीजाणू उडत राहतात. बाहेर नेणं जमत नसेल तर निदान एकावर एक रचायची.

समोर असलेले पर्याय

बैठक झाली तेव्हा खालच्या भागातला निम्म्याहून जास्त माल उभा होता. दिवाळीचा बाजार डोक्यावर. मांडलेले पर्याय असे होते.

गावातल्या एका जाणत्याचं मत होतं, आणखी पंधरा दिवस थांबा, खत द्या, घड भरतील. नानांचाही ओढा तिकडेच होता, कारण वजनावर पैसे मिळतात आणि बारीक मालाला वापसीचा भाव लागतो. निरोगी बागेत हा सल्ला बरोबर ठरला असता. इथे थांबण्याचा प्रत्येक दिवस फळाचं वय वाढवत होता आणि जाडीत जवळपास काहीच घालत नव्हता. पंधरा दिवसांनी घड झाडावरच पिवळे पडले असते.

काका म्हणाले, सगळा खालचा भाग एकदम कापून वेफर्सवाल्यांना द्या, माझ्या नावावर आणखी गाडी नको. वैतागातून आलेलं असलं तरी हे मत अगदीच चुकीचं नव्हतं; जोखीम तिथेच संपली असती. पण त्या भागात सहा-सात पानांची झाडंही होती, त्यांचा माल वेफर्सच्या भावात घालवणं नानांना परवडणारं नव्हतं.

तिसरा पर्याय पुन्हा फवारणीचा, औषधविक्रेत्याने सुचवलेला. कापणीला आलेल्या घडावर हा खर्च वाया होता. शिवाय औषधाच्या लेबलवर फवारणी आणि कापणी यांत किती दिवस सोडायचे ते लिहिलेलं असतं. तो काळ पाळला तर माल हातचा जातो, न पाळला तर अंश राहतो.

उरला तो पर्याय कष्टाचा : झाडं पानांच्या संख्येने वेगळी करायची, आणि प्रत्येक गटाला त्याच्या उरलेल्या आयुष्याएवढाच प्रवास द्यायचा.

काय केलं

दोन मजूर आणि नानांचा मुलगा खालच्या भागातून फिरले. सात किंवा जास्त चांगली पानं असलेल्या झाडाला पांढरी सुतळी, पाच-सहाला लाल, चार किंवा कमीला काहीच नाही. अर्ध्याहून अधिक हिरवं असेल तेच पान मोजायचं, एवढा एक नियम. निर्यातीच्या बागांत साधारणपणे निसवणीला किमान आठ आणि कापणीला पाच-सहा चांगली पानं धरतात. आमच्या रेषा तिथूनच घेतल्या.

सुतळीवर विसंबण्याआधी एक साधी चाचणी केली. प्रत्येक गटातल्या काही घडांच्या दुसऱ्या फणीतलं एकेक केळं काढून घरातल्या सावलीच्या खोलीत, गट वेगळे ठेवून, मांडून ठेवलं. कुणी कधी रंग बदलतं ते पाहायचं. बिनसुतळीच्या गटातली केळी दोन-तीन दिवसांत वळली. लाल गट त्यानंतर. पांढऱ्या गटातली आम्ही गाडी भरेपर्यंत हिरवीच होती. नानांना माझ्या बोलण्यापेक्षा त्या खोलीने जास्त पटवलं.

मग वाटणी ठरली. पांढऱ्या सुतळीचा माल नेहमीच्या जाडीवर कापून इंदूरला, त्यातला निवडक पुढे ग्वाल्हेरला. लाल सुतळीचा माल जाडीची वाट न पाहता लगेच कापायचा आणि फक्त इंदूर शहरात विकायचा. बिनसुतळीचा वेफर्सला आणि गावच्या बाजारात.

लाल मालासाठी चेंबरमध्येही बदल केला. काका साधारणपणे मागणी पाहून माल एक-दोन दिवस थंड ठेवतात आणि मग इथिलीन देतात. अशा मालाला थांबवण्यात धोका असतो. जो आधीच वळायला आलेला आहे तो वाट पाहता पाहता वळतो आणि मिसळ पुन्हा होते. म्हणून उतरल्या दिवशीच वळलेली केळी निवडून बाहेर काढायची आणि बाकीच्यांना लगेच इथिलीन द्यायचं, म्हणजे सगळ्यांची सुरुवात एकत्र होते. तापमान सोळा अंशांच्या आसपास, खालच्या टोकाला. थंडावा वाढवून वेळ काढू, असं काकांच्या माणसाने सुचवलं, ते मोडून काढावं लागलं : तेरा अंशांच्या खाली केळीला थंडी बाधते, साल राखट पडते आणि मग ती नीट पिवळी होतच नाही.

गाडीत क्रेटच्या मध्ये बागेतलीच पानं घालायची पद्धत होती, तीही थांबवली. वाळलेल्या पानांवर आणि फुलाच्या अवशेषांवर काळा डाग पाडणाऱ्या दुसऱ्या बुरशीचे बीजाणू असतात, आणि कापलेल्या फणीच्या ओल्या देठाला ते आयतेच मिळतात. त्याऐवजी कागद वापरला.

परिणाम

पांढऱ्या सुतळीचा माल ग्वाल्हेरला हिरवा उतरला. तरी त्यातले काही क्रेट मिसळ निघाले. शोध घेतला तर शेवटच्या दिवशी टोळी घाईत होती आणि सुतळी न पाहता कापत गेली होती. टोळीला मजुरी वजनावर मिळते, पानं मोजण्याचे पैसे त्यांना कुणी देत नव्हतं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

लाल मालाने इंदूरमध्ये निभावलं. रंग बऱ्यापैकी एकसारखा आला, पण केळी बारीक, त्यामुळे भाव खालचा. दुकानदारांना आधीच सांगितलं होतं की हा माल दोन दिवसांत विका, म्हणून परत आला नाही. एक तुकडा मात्र नानांनी दिवाळीनंतर भाव वधारेल या आशेने काही दिवस उभा ठेवला. तो गेला, झाडावरच एकेक केळं पिवळं पडायला लागलं आणि वेफर्सवाल्यानेही तो नाकारला.

दुसऱ्या गाडीच्या पैशांवरून बरीच ताणाताण झाली. काकांचं म्हणणं, माल खराब आला. नानांचं म्हणणं, तुम्ही उतरवून घेतलात, चेंबरला लावलात, मग तो तुमचा. शेवटी उतरताना जो पिवळा निघाला तो नानांच्या अंगावर, चेंबरनंतर जो परत आला तो निम्मा-निम्मा, यावर तोडगा निघाला. मला तो नानांच्या बाजूने जरा उदार वाटला, पण काकांना पुढच्या हंगामात वरच्या भागातला माल हवा होता.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत स्वस्त सुधारणा निसवणीच्या वेळची आहे. केळफूल बाहेर पडलं की त्या आठवड्याच्या रंगाची रिबन घडाला बांधायची. मग कापणीच्या वेळी घडाचं वय हातात असतं आणि जाडीवर एकट्यावर भिस्त राहत नाही. कॅरिबियन बेटांवरच्या बागांत याच्या पुढे जाऊन उष्णतेचा हिशेब ठेवतात : निसवणीपासून रोजच्या सरासरी तापमानातून १४ अंश वजा करायचे आणि उरलेल्या आकड्यांची बेरीज ९०० अंश-दिवसांपाशी आली की घड कापायला तयार समजायचा. तो आकडा तापीकाठी जसाच्या तसा लावू नये, आपल्या बागेच्या दोन-तीन हंगामांच्या नोंदींवरून आपला आकडा काढावा. पण मागचा विचार इथेही लागू आहे. ऑक्टोबर हीटमध्ये पिकणारा घड आणि जानेवारीत पिकणारा घड दिवस मोजून सारखे धरता येत नाहीत.

निसवणीलाच पानं कमी दिसली तर घडाचं ओझं तेव्हाच कमी करता येतं. केळफूल मोडताना खालच्या एक-दोन फण्या काढल्या असत्या, तर उरलेल्या पानांवर वरच्या फण्या तरी बऱ्या भरल्या असत्या. नानांनी हे ऐकून मान हलवली. होकाराची नव्हे. हातातली फणी कापून टाकणं कुणालाही जड जातं, आणि ज्या वर्षी पाऊस लवकर थांबेल त्या वर्षी ते नुकसानच ठरेल. याचं ठाम उत्तर माझ्याकडे नाही. नाल्याच्या बाजूच्या ओळींपुरतं ते करावं इतकंच मी सुचवलं.

नाल्याकडचं पाणी काढणं आणि पानं काढण्याचं काम जूनपासून दर आठवड्याला थोडं थोडं करणं, याबद्दल वाद नव्हता. वाद झाला तो अंतरावर. पाच बाय पाचवर एकरी साधारण १,७४० झाडं बसतात, सहा बाय पाचवर १,४५०. बाग मोकळी असेल तर वारा खेळतो, पानं लवकर सुकतात, करप्याला ओल कमी मिळते. नाना म्हणतात, तीनशे झाडं सोडून देण्याची खात्री मला कोण देणार? सध्या त्यांनी नाल्यालगतच्या एका एकरातच अंतर वाढवायचं कबूल केलं आहे.

काकांच्या बाजूनेही एक बदल व्हायला हवा होता आणि तो झाला. पूर्वी गाडी ठरवताना ते फोनवर विचारायचे, "माल किती, जाडी किती?" आता गाडीसोबत येणाऱ्या चिठ्ठीवर कापणीच्या वेळची पानं आणि रिबनचा रंग लिहिलेला असतो, आणि चेंबरमधली जागा त्यावरून ठरते. पाच पानांखालचा माल आला तर तो बांधावरच नाकारायचा हक्क काकांना हवा आहे. नानांची अट अशी की नाकारायचं तर कापणीच्या आठ दिवस आधी माणूस पाठवून पाहून नाकारा. कापून गाडीत भरलेला घड मी कुठे नेऊ? त्या माणसाचा बुऱ्हाणपूरपर्यंतचा खर्च कुणी करायचा, यावर बोलणं अडलेलं आहे.